हवेतल्या लहरींवर मोबाइल का चार्ज होत नाही, आणि टोलचा स्टिकर मग कसा चालतो?

गेल्या महिन्यात भाचा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक स्टिकर घेऊन आला. सोनेरी, पत्त्यापेक्षा जरा लहान, किंमत अडीचशे रुपये. मोबाइलच्या पाठीला चिकटवायचा, मग म्हणे तो टॉवरच्या आणि वायफायच्या लहरी हवेतून ओढून घेतो आणि बॅटरी आपली आपण भरत राहते. चार दिवस वाट पाहून तो माझ्याकडे आला. मी आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे घरातली अशी सगळी प्रकरणं शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

ब्लेडने स्टिकर सोलला. आत प्लास्टिकच्या पापुद्र्यावर तांब्याच्या रंगाची एक नागमोडी रेघ छापलेली. तिची दोन्ही टोकं कशालाच जोडलेली नाहीत. चिप नाही, मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकापर्यंत जाणारी तार नाही. लहरीतून वीज मिळाली असती तरी ती बॅटरीत शिरणार कुठून होती? मागच्या कव्हरमधून पाझरून?

भाचा ओशाळला, पण लगेच त्याने मोबाइल पुढे केला. "मग मामा, ही बातमीपण खोटी का?" बातमी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाची होती. तिथल्या संशोधकांनी हवेत आधीपासून असलेल्या क्षीण रेडिओलहरींवर तापमानाचा सेन्सर चालवून दाखवला, २०२४ साली. ही बातमी खरी आहे. लहरींतून वीज काढता येते हेही खरं आणि स्टिकर लबाडीचा हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींमध्ये नेमकं किती अंतर आहे ते कोणी सांगत नाही, म्हणून लोक फसतात.

लहरीत खरंच ऊर्जा असते का?

असते. टॉवर किंवा राउटर आपल्या अँटेनातल्या विजेला प्रचंड वेगाने मागेपुढे नाचवतो आणि त्या नाचाची ऊर्जा लहर होऊन चारी बाजूंना सुटते. वाटेत धातूची तार आली की तारेतली वीजही त्याच तालावर किंचित हलू लागते. उन्हात ठेवलेला पाट तापतो तसंच हे. ऊन आणि रेडिओलहर एकाच कुळातल्या आहेत, फरक फक्त लहरीच्या लांबीचा.

यात नवं काहीच नाही. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये लांबून लहर पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. लहर टिपणाऱ्या गॅलेना खड्याचं त्यांचं अमेरिकन पेटंट १९०४ सालचं.

मी स्वतः आठवीत असताना बॅटरीशिवायचा रेडिओ केला होता. पावडरच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, ओए-७९ नावाचा काचेचा डायोड आणि कोणाकडून तरी मागून आणलेला जुना हेडफोन. एरियल फणसापासून माडापर्यंत ताणलेली, अर्थिंग विहिरीच्या पंपाच्या पायपाला. आकाशवाणीचं पणजी केंद्र मध्यम लहरींवर १२८७ किलोहर्ट्झला लागायचं. घरची लाईट गेलेली असली तरी कानात भजन चालू. आजी विचारायची, "सेल कुठे घातलास?" सेल नव्हताच. हेडफोनचा पडदा हलवण्यापुरती ताकद ट्रान्समीटरवरून थेट माझ्या तारेत येत होती. म्हणजे हवेतल्या लहरींवर चालणारं यंत्र आमच्या पडवीत पन्नास वर्षांपूर्वी होतं. फक्त ती ताकद किती होती, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मानशीचं दार

लहरीतली वीज थेट बॅटरीला चालत नाही. ती सतत दिशा बदलते आणि बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी लागते. मधे कोणीतरी एका बाजूची वाट अडवून धरायला हवी.

गोव्यातली खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची शेती, पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. नदीच्या बांधात मानस बसवलेली असते. ओहोटीला आतलं पाणी तिचं लाकडी दार ढकलून बाहेर पडतं. भरतीला नदीचं खारं पाणी तेच दार दाबून गच्च मिटवतं. उघडायला-मिटायला कोणी उभं राहत नाही. नदी दोन्हीकडे हेलकावते, दारातून पाणी मात्र एकाच दिशेने जातं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये या मानशीला डायोड म्हणतात. लहर टिपणारी अँटेना आणि तिला जोडलेला डायोड, या जोडीला म्हणायचं रेक्टेना. संपूर्ण विषयाचा गाभा एवढाच आहे.

आता यातली गोम. मानस दिवसातून दोनदा उघडते-मिटते. ९०० मेगाहर्ट्झच्या टॉवरची लहर सेकंदाला ९० कोटी वेळा भरती-ओहोटी करते आणि डायोडला तितक्याच वेळा उघडून मिटावं लागतं. तेही आता जमतं. जमत नाही ते दुसरंच: दाराला वजन असतं. नदीत होडी गेली, चार बोटं लाट उठली, म्हणून मानस उघडत नाही. साध्या सिलिकॉन डायोडचं दार नीट उघडायला ०.६ ते ०.७ व्होल्टचा रेटा लागतो. माझा ओए-७९ जर्मेनियमचा, त्याला ०.२ ते ०.३ पुरायचे, म्हणूनच तो रेडिओ वाजला. हल्ली लहरींच्या कामाला शॉटकी जातीचा डायोड वापरतात, त्याचंही दार हलकं. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वायफायच्या लहरीने तारेत रेटा तयार होतो तो जेमतेम दहा मिलिव्होल्टचा, म्हणजे ०.०१ व्होल्ट. एवढ्याने दार नुसतं किलकिलं होतं आणि गेलेलं बरंचसं परत गळून येतं. सिंगापूरच्या मंडळींचं यश नेमकं इथे आहे. त्यांनी चुंबकीय गुणांवर चालणारं, नॅनोमीटरमध्ये मोजायचं इतकं बारीक दार बनवलं. त्याच विद्यापीठाच्या एका गटाने जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाबरोबर २०२१ साली असे आठ तुकडे जोडून, वायफायच्या पट्ट्यातल्या लहरीवर ५ सेकंद साठवण केली आणि त्यावर एक लहान एलईडी मिनिटभर पेटवला.

साठवण म्हणजे काय? माडी काढणारा रेंदेर माडाच्या पोयीला (फुलोऱ्याला) मडकं बांधतो आणि खाली उतरतो. सूर (ताजी माडी) थेंबथेंब पडत राहते, दुसऱ्या फेरीला मडकं उतरवायचं. लहरींतून मिळणारी वीजही अशीच कपॅसिटर नावाच्या मडक्यात साचवतात आणि साचली की एका दमात वापरतात. पाच सेकंद साठवून एक मिनिट उजेड. हे वाचून भाच्याचे डोळे चमकले, म्हणून पुढचा हिशोब कागदावर करावा लागला.

एका वॅटला दहा लाख रुपये

वीज किती वेगाने मिळते किंवा खर्च होते ते आपण वॅटमध्ये मोजतो. इथे मात्र सगळा कारभार मायक्रोवॅटचा, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागाचा आहे. डोळ्यांसमोर येत नाही ना? मग असं समजा की एक मायक्रोवॅट म्हणजे सेकंदाला एक रुपया. त्या हिशोबाने एक वॅट म्हणजे सेकंदाला दहा लाख रुपये.

आता खर्चाची बाजू. साधा १० वॅटचा चार्जर मोबाइलला सेकंदाला एक कोटी देतो. मोबाइलची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची धरा. स्क्रीन बंद करून नुसता पडलेला फोन आठवडाभर टिकला, तरी त्याचा खर्च सेकंदाला एक लाख दहा हजारांच्या आसपास बसतो. काही न करता! आता मनगटावरचं काट्यांचं घड्याळ घ्या. त्याचा गोळीएवढा सेल दोन-तीन वर्षं जातो, खर्च सेकंदाला दोन रुपये. हे दोन आकडे लक्षात ठेवा, सगळं त्यांच्यामध्येच आहे.

जमेची बाजू. घरातला राउटर फार तर १०० मिलिवॅट, म्हणजे सेकंदाला एक लाख रुपये सोडतो. तीन मीटरवर बसून नेटकी अँटेना लावली तर तिच्या वाट्याला येतो एक रुपया. त्यावर डायोडची दलाली. लहर क्षीण असली की दलाल नव्वद टक्क्यांच्या वर कापून घेतो. हातात पाच-दहा पैसे. आणि हा राउटर अखंड बोलत असेल तर. प्रत्यक्षात तो बराच वेळ गप्प असतो.

बरं, टॉवर घेऊ आणि हात सैल सोडून हिशोब करू. समजा टॉवर तुमच्या दिशेने १,००० वॅटचा जोर लावतोय आणि तुम्ही १०० मीटरवर आहात. तिथे एक चौरस मीटरवर ८ मिलिवॅट पडतात. मोबाइलच्या पाठीचं क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर धरा. तिच्यावर येतात ९६ रुपये. दलाली शून्य धरली तरी बॅटरी भरायला साडेबावीस वर्षं लागतात. दलाली कापली तर पन्नास वर्षांच्या पुढे.

खरं तर तेव्हाही भरणार नाही. लिथियमची बॅटरी नुसती कपाटात ठेवली तरी महिन्याला एक-दोन टक्के आपोआप गळते आणि ती गळती सेकंदाला अडीचशे ते पाचशे रुपये पडते. येतात ९६, गळतात अडीचशे. अशी घागर कधी भरली आहे का?

अंतराचा मार

भाच्याला आकड्यांवर विश्वास नव्हता. मग सहा सेंटिमीटरची तार मधोमध कापली, मधे शॉटकी डायोड डाखला, मल्टिमीटर जोडला. राउटरच्या दांडीला तार टेकवली तर ४०० मिलिव्होल्टच्या आसपास. त्याला वाटलं जिंकलो. एक वीत मागे आणली, साठ. हातभर लांब, दोन. सोफ्यावर बसला, शून्य.

कारण सोपं आहे. दिव्याचा उजेड असो की राउटरची लहर, ती फुगणाऱ्या फुग्यासारखी पसरते. रबर तेवढंच, फुगा मोठा होईल तसं ते पातळ होत जातं. अंतर दुप्पट झालं की वाट्याला चौथा हिस्सा, दहापट झालं की शंभरावा. टॉवर आपल्यासाठी लहर सोडत नाही, तो सगळ्या वाड्यासाठी सोडतो. आपण तिच्या पसाऱ्यातला तळहाताएवढा तुकडा पकडायला बसलोय.

पण टोलचा स्टिकर तर बॅटरीशिवायच चालतो!

हा भाच्याचा सर्वांत चांगला प्रश्न होता आणि खरा चमत्कार इथेच आहे. काचेवर फास्टॅग चिकटवून आपण कोल्हापूरला जातो. फास्टॅगमध्ये सेल नाही. आत ॲल्युमिनियमची पातळ अँटेना आणि तिळाएवढी चिप, बस. टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर लहर सोडतो, जास्तीत जास्त ४ वॅटच्या जोराने. पाच मीटरवर टॅगच्या वाट्याला शंभर-सव्वाशे रुपये येतात. मोबाइलला ही चिल्लर, पण चिपला जागं होऊन आपला नंबर सांगायला त्यातले दहा-वीसही पुरतात.

आणि सांगते कशी? रेडिओलहर सोडायची तर खर्च फार, म्हणून ती सोडतच नाही. लहानपणी आपण आरशाने समोरच्या घराच्या भिंतीवर कवडसा पाडायचो. ऊन सूर्याचं, आपण फक्त आरसा हलवायचो. टॅग तसाच रीडरची लहर कधी जास्त, कधी कमी परतवतो आणि त्या कवडशाच्या उघडझापीत नंबर असतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. दुकानातल्या मशिनला टेकवायचं बँकेचं कार्डही जवळपास याच जातीचं आहे, फक्त ते दोन-चार सेंटिमीटरवरच चालतं.

या युक्तीचा पहिला गाजलेला वापर हेरगिरीसाठी झाला. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते त्यांच्या निवासस्थानी सात वर्षं भिंतीवर होतं. आत लिओन तेरेमिन या सोव्हिएत संशोधकाने बनवलेलं ऐकण्याचं यंत्र होतं, सेल नाही, वीज नाही. बाहेरून लहर मारली की बोलण्याने हलणारा आतला पडदा तिचा कवडसा बदलायचा. १९५२ साली ते सापडलं. एरवी ते गप्प असल्यामुळे शोधायला आलेल्यांना काही लागत नव्हतं.

म्हणजे टॅगचं यश वीज जास्त मिळण्यात नाही, गरज कमी करण्यात आहे. शिवाय एक गोष्ट निसटू देऊ नका: टोलनाक्यावर लहर मुद्दाम टॅगसाठी, पाच मीटरवरून सोडलेली असते. ती आसपास आपोआप फिरणारी लहर नव्हे.

टेस्लाने तर शंभर वर्षांपूर्वी केलं होतं म्हणे

नाही केलं. निकोला टेस्ला या संशोधकाने न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफला १९०१ साली बिनतारी वीज पाठवण्याच्या स्वप्नाचा मनोरा बांधायला घेतला, पैसे जे. पी. मॉर्गन या बँकरचे. काम कधी पुरं झालं नाही आणि १९१७ साली मनोरा पाडला. यूट्यूबवर त्याच्याभोवती जे काही रचलं जातं ते मी सोडून देतो.

खरा प्रयोग विल्यम ब्राऊनचा. या अमेरिकन इंजिनिअरने १९६४ साली मायक्रोवेव्हच्या झोतावर लहानसं हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवलं. १९७५ साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला त्याच्या रेक्टेनांनी दीड किलोमीटरवरून ३० किलोवॅटहून अधिक वीज उचलली. आकडा थक्क करणारा आहे, पण पाठवणारी तबकडी २६ मीटर व्यासाची होती आणि घेणारा फलक एखाद्या खोलीच्या जमिनीएवढा. ऊर्जा एकाच दिशेला रोखलेली, मधे कोणी उभं राहायचं नाही. नळाखाली लावलेली बादली आणि पहाटे माळावर ठेवलेली बादली, दोन्हींत पाणीच येतं, पण एकात दवाचं.

टेबलावर मोबाइल ठेवून चार्ज करायची चकती हा तिसराच प्रकार. तिथे दोन तारांची वेटोळी काही मिलिमीटरवर समोरासमोर येतात, जवळजवळ ट्रान्सफॉर्मरच. मोबाइल बोटभर उचला, चार्जिंग थांबतं.

मग टॉवरची ताकदच वाढवली तर?

वाढवून पाहू, कागदावर. मोबाइलला ५ वॅट हवेत आणि निम्मी दलाली धरली तर त्याच्या पाठीवर १० वॅट पडायला हवेत. म्हणजे चौरस मीटरला ८३० वॅट, एप्रिलमधल्या दुपारच्या उन्हाच्या जवळपास. भारताने २०१२ साली टॉवरच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांश इतकी मर्यादा घालून घेतली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.४५ वॅट येते. मोबाइल हवेतून भरायला तिच्या अठराशे पट हवं. गंमत म्हणजे त्या मर्यादेला अगदी टेकेपर्यंत लहर असली, तरी मोबाइलच्या पाठीवर ५,४०० रुपये पडतात आणि झोपलेला मोबाइल एक लाख दहा हजार मागतो.

त्यामुळे दोन समजुती एकमेकींना छेद देतात. ग्रामसभेत टॉवरला विरोध करताना कोणी म्हणतं, या लहरी माणसाला भाजतात. त्याच संध्याकाळी तोच माणूस लहरींवर मोबाइल चार्ज करणारा व्हिडिओ फॉरवर्ड करतो. मोबाइलसुद्धा भरू न शकणारी लहर माणसाला भाजणार कशी, एवढं तरी विचारावं. (दुसऱ्या दिवशी रेंज नाही म्हणून तक्रार असतेच, ते वेगळं.) खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मोबाइलला झोत रोखून चार्ज करणारी यंत्रं कंपन्या अधूनमधून जाहीर करतात. शाओमीने जानेवारी २०२१ मध्ये ५ वॅटचं असं यंत्र दाखवलं होतं. झोत रोखता येतो, पण मधून मांजर गेलं तर काय, हा प्रश्न उरतोच.

ही चोरी नव्हे का? आणि खरंच फुकट का?

चोरी म्हणावी तर आपण सगळेच चोर. रेडिओ ऐकणारा प्रत्येक जण लहरीतून कणभर ऊर्जा घेतो. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या जंगलातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते, तेव्हा गोव्यातल्या घराघरांतले रेडिओ ती लहर टिपत होते. किती जण ऐकतात, कोण ऐकतात, हे लहरीवरून कोणाला कळत नव्हतं. पोर्तुगीज पोलिसांना कळलं असतं तर कठीण होतं. सुटलेली लहर भिंतीत, झाडात, डोंगरात जिरून जाणारच असते. तिचा एक कण आपण घेतला म्हणून टॉवरचं बिल वाढत नाही.

फुकट मात्र नाही. टॉवरची आणि राउटरची वीज कोणीतरी भरतं, आणि राउटरची तर आपणच. राउटरच्या वायरीतून दहा वॅट घालून हवेतून दहा पैसे परत मिळवायला 'फुकटची वीज' म्हणणं मला पटत नाही.

मग या संशोधनाला अर्थ काय?

अर्थ आहे, फक्त मोबाइल डोक्यातून काढायला हवा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली टीव्ही केंद्राच्या लहरींचे कवडसे पाडून दोन बिनबॅटरी यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावलं. २०१७ साली त्यांनी बिनबॅटरी फोन केला, खर्च साडेतीन मायक्रोवॅट. साडेतीन रुपये! त्याला स्क्रीन नाही, ॲप नाही. नंबर दाबायचा आणि बोलायचं, तेही खास बसवलेल्या यंत्रापासून दहा-पंधरा मीटरच्या आत. त्या गटाने उत्पन्न वाढवलं नाही, चैन कमी केली. २०२२ साली सॅमसंगने राउटरच्या लहरीही टिपणारा टीव्हीचा रिमोट जाहीर केला. तो दिवसभरात पाच-दहा वेळाच दाबला जातो, म्हणून जमतं. तरी त्याच्या पाठीवर सौर पट्टीही आहे.

ही पट्टी सगळं सांगून जाते. ट्यूबलाइटच्या साध्या उजेडातही घरात चालणारी सौर पट्टी लहरींच्या शंभरेक पट वीज देते. बाहेरचं ऊन तर शंभर मीटरवरच्या टॉवरच्या सव्वा लाख पट. जिथे उजेड आहे तिथे लहरींच्या मागे लागण्यात मला फारसा शहाणपणा दिसत नाही.

उरतात अंधाऱ्या जागा. बर्फाखाली दाबलेल्या मासळीच्या पेटीतला तापमानाचा टॅग. औषधाच्या खोक्यातला टॅग. काँक्रीटच्या आत, गंज लागतोय का ते सांगणारा सेन्सर. हे शेवटचं गोव्यात कोणाला पटवावं लागू नये. मांडवीवरचा नेहरू पूल १९७० साली खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या आतल्या पोलादी तारा गंजत होत्या आणि बाहेरून ते दिसत नव्हतं. काँक्रीटमध्ये गाडलेल्या सेन्सरचा सेल बदलायला कोण जाणार? बॅटरीच नसलेला सेन्सर आत टाकायचा आणि महिन्यातून एकदा रीडर घेऊन पुलावर फेरी मारायची, हा उपाय त्याच टोलनाक्याच्या कुळातला. अर्थात ओलं काँक्रीट लहर खातं, त्यामुळे सेन्सर फार खोल गाडून चालत नाही.

मला बोचणारी विसंगती आणखी वेगळी आहे. सत्तरी तालुक्याच्या रानात, म्हादई नदीच्या वरच्या अंगाला सेन्सर बसवायचे झाले तर सेल बदलायला पावसात कोणी जाऊ शकत नाही. तिथे ही हवेतली वीज सर्वांत जास्त हवी. पण तिथे टॉवर नाही, म्हणून लहरही नाही. लहरींची रेलचेल पणजीच्या बाजारात, आणि तिथे हाताच्या अंतरावर प्लग आहे.

हे सगळं बोलून होईपर्यंत पाऊस वाढला होता. भाचा अजून ती डायोडची तार राउटरला टेकवून बसला होता आणि मल्टिमीटरचे आकडे मोठ्याने वाचत होता: तीनशे नव्वद, चारशे, तीनशे पंच्याऐंशी. तेवढ्यात गावची लाईट गेली. पंखा थांबला, राउटरचे हिरवे दिवे विझले. मल्टिमीटर त्याच्या नऊ व्होल्टच्या सेलवर चालू राहिला. भाच्याने मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्यावर धरला. शून्य.

"मामा," तो म्हणाला, "मोबाइल चौदा टक्के आहे. पॉवर बँक कुठे ठेवलीय?"